पटाशेजारचा खाऊ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी ‘व्यापार’चा डाव मांडला होता. बँक माझ्या सासऱ्यांकडे होती. चाळीस वर्षे किराण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हाती बँक दिली, की ती खेळातली राहत नाही. धाकट्या पुतण्याने भाड्यापोटी पुढे केलेली पाचशेची नोट त्यांनी उजेडाकडे धरली, उलटसुलट न्याहाळली आणि परत केली. “तेलकट आहे. चालणार नाही.” सगळे खो-खो हसले. पण नोटेवर खरोखरच चिवड्याच्या हळदीचा पिवळाधमक अंगठा उमटला होता, आणि सासरे काही केल्या बधेनात. अखेर पुतण्याला हात धुऊन दुसरी नोट आणावी लागली.

ही गोष्ट आमच्या घरात अजून हौसेने सांगितली जाते. मला मात्र त्याच संध्याकाळची दुसरी एक गोष्ट आठवते, जी कोणी सांगत नाही. पावणेसहाच्या आतच सासूबाई डाव सोडून उठल्या. त्यांचा चौविहार असतो. स्वयंपाकघरात तेव्हा भज्यांचे पीठ नुकतेच कालवले जात होते. कारण मुलांना भूक लागेल ती सात-साडेसातला, असा आम्हा जावांचा हिशेब. घरातील तरुण मंडळी चौविहार नेमाने पाळत नाहीत, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे वास्तव आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. सासूबाईंनी ओट्यापाशीच दोन खाकरे आणि कपभर दूध घेतले, उकाळलेले पाणी प्यायल्या आणि परत आल्या. तोवर त्यांची पाळी दोनदा वगळून डाव पुढे गेला होता. साडेसातला कच्च्या केळ्याची गरम भजी आली तेव्हा सगळे खात होते आणि त्या एकट्या नोटांच्या गड्ड्या सारख्या करत बसल्या होत्या. पुढच्या शनिवारी मुलांनी हाक मारली, तर “तुम्ही खेळा, मी माळ घेते” म्हणाल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी कोणी हाकही मारली नाही.

कोणी कोणाला दुखावले नव्हते. पण पटाभोवती बसणाऱ्या सहा माणसांतले एक माणूस खाण्यामुळे उठून गेले होते, आणि खाण्याचा बेत माझा होता. तेव्हापासून वर्षभर मी या एका विषयाचा जो विचार केला, तो इथे मांडते.

खेळ आणि खाणे यांची सोबत फार जुनी. सँडविच हा पदार्थ ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो अठराव्या शतकातला इंग्रज उमराव जुगाराचे टेबल सोडायला तयार नसे, म्हणून त्याने पावाच्या दोन कापांत जिन्नस घालून हातातच आणवला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यातला पेच मात्र खरा आहे. एका हातात पत्ते, तेव्हा खायला उरतो एकच हात, आणि तोही कोरडा राहायला हवा. आपल्याकडे याच्या अगदी उलट टोकाची परंपरा आहे. आज मुले जी सापशिडी खेळतात तिचा एक जुना अवतार म्हणजे ज्ञानचौपड. जैन परंपरेतील पटांत बहुधा ८४ घरे असतात आणि पर्युषणाच्या दिवसांत हा पट मांडला जाई, असे अभ्यासक नोंदवतात. म्हणजे उपवासात, पटाशेजारी खाण्याचा कणही नसताना खेळायचा खेळ! त्या पटांवर आज शेकडो वर्षांनंतरही सोन्यासारखे रंग टिकून आहेत, त्यात या गोष्टीचाही थोडा वाटा असावा असे मला गमतीने वाटते. आपली आजची घरे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

पहिला प्रश्न घड्याळाचा. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या सुमारास. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधीच आटोपून घेणारी घरेही आहेत. त्यांना हिवाळ्यात पाच-सव्वापाचलाच ताट आवरावे लागते. म्हणून “संध्याकाळी खेळायला या” हे निमंत्रण आपल्या घरांत मुळातच चुकीचे आहे. आम्ही आता “चारला या” म्हणतो, आणि त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ पंचांगात पाहून सासूबाई सकाळीच फळ्यावर लिहितात.

दुसरे असे, की सगळे खेळ खाण्याशी सारखेच जुळत नाहीत. पत्त्यांचे छोटे डाव, लुडो यांत आपली पाळी येईपर्यंत दोन घास खाता येतात. मुलांनी आणलेला ‘टिकिट टू राइड’ हा आगगाडीचे मार्ग जोडण्याचा खेळ (तो २००४ सालचा) साधारण तासाभरात संपतो, तोही या वेळेत बसतो. पण जर्मनीच्या क्लाउस टॉयबर यांनी तयार केलेला, १९९५ साली आलेला ‘कटान’ हा खेळ निराळा. लाकूड, विटा, लोकर, गहू आणि खनिज अशा पाच मालांची त्यात अदलाबदल चालते, आणि ज्याची पाळी असेल तो कोणत्याही भिडूशी सौदा करू शकतो. एक भिडू उठून गेला तर बाजारच बसतो. हा खेळ आमच्यासारख्या घरांना का आवडतो ते वेगळे सांगायला नको. त्याला तास-दीड तास सलग लागतो. आणि ‘व्यापार’ तर, ज्यांच्याकडे सासऱ्यांसारखी बँक आहे त्यांना ठाऊकच आहे, संपतच नाही.

तेव्हा आमचा क्रम असा बसला. चारला छोटे खेळ, त्यांच्या सोबतीला कोरडा खाऊ. पाचच्या सुमारास पट पूर्ण आवरून काहीतरी गरम आणि पोटभरीचे: मुगाच्या डाळीचा ढोकळा, दुधी घातलेला हांडवो, नाहीतर इडल्या. हे खाताना टेबलावर एकही सोंगटी नसते. मग हात धुणे, चौविहारवाल्यांचे पाणी पिऊन होणे, आणि त्यानंतर मोठा डाव. त्यात पटाशेजारी काहीही येत नाही. हा शेवटचा नियम करताना मुलांनी दोन शनिवार कुरबुर केली. मी इतकेच म्हटले, की ज्याला नंतर भूक लागेल त्याने स्वयंपाकघरात जाऊन खावे. आजवर तुमची दादी एकटी जात होती, आता तुम्ही जा. हे उत्तर सर्वांना रुचेल असे नाही, आमच्या ओळखीच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी “मग नियम तरी कशाला?” असे विचारलेच. पण घरातील प्रत्येकाचा नेम ठरवण्याचा अधिकार मला नाही. टेबलावर काय यावे, एवढे मात्र माझ्या हातात आहे.

आता कोरड्या खाऊविषयी, कारण खरी कसोटी तिथे आहे. दिवाळीचा आमचा नेहमीचा चिवडा चवीला उत्तम होता, पण तो बोटाला तेल आणि हळद लावतो. सांगली-कोल्हापूरकडचे भडंग तर लसूण वगळून केले तरी तिखटाचा लाल हात मागे ठेवतेच. पत्त्यावर एकदा असा डाग पडला, की तो पत्ता उलटा असतानाही ओळखू येतो आणि सगळा डाव बाद होतो. म्हणून खेळासाठी मी निराळा, पांढरा चिवडा करते. पाव किलो चुरमुरे आधी कढईत कोरडेच मंद आचेवर कुरकुरीत करून घ्यायचे. चार मोठे चमचे तेलात जिरे, चिरलेल्या चारपाच हिरव्या मिरच्या आणि दोन काड्या कढीपत्ता पूर्ण कडक होईपर्यंत परतायचा. मिरची जरा जरी ओली राहिली, तरी तासाभरात चुरमुरे मऊ पडतात. त्यात हिंग, वाटीभर डाळे, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे काप, मीठ आणि दोन छोटे चमचे पिठीसाखर. हळद नाही, लाल तिखट नाही. तिथीला हिरवे वर्ज्य असेल तर मिरची-कढीपत्त्याऐवजी मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. तो मला अधिकच आवडतो. एवढ्यात आठ माणसांची सोय होते.

पण चिवडा हातानेच खायचा कशाला? याचे उत्तर सासऱ्यांनी दिले. एका शनिवारी मी वाट्या आणि चमचे मांडत होते. ते पाहत होते. मग उठून त्यांनी कोऱ्या पांढऱ्या कागदाचे चौकोन फाडले आणि बघता बघता एकेक पुडा वळला. अंगठ्याभोवती एक गिरकी, खाली टोक मुडपले की झाले. प्लॅस्टिकच्या पिशव्या येण्यापूर्वी जिरे-मोहरीपासून साखरेपर्यंत सगळे काही त्यांनी असेच बांधून दिले होते. मुलांनी ते कधी पाहिलेच नव्हते. निमुळता पुडा तोंडाशी नेऊन चिवडा सरळ तोंडात ओतायचा, बोट लागतच नाही. एका हातात पत्ते, दुसऱ्यात पुडा. त्या उमरावाला हे सुचले नाही! एक काळजी मात्र घ्यावी. जुन्या सवयीने वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच त्याबद्दल सावध केले आहे. सासरे वहीचा कोरा कागद घेतात.

खाकरा आपल्या घरी सदैव असतो, पण पटाशेजारी तो त्रासदायक ठरतो. मोडला की भुगा उडतो आणि सोंगट्यांच्या घरात जाऊन बसतो. त्याऐवजी रुपयापेक्षा थोडे मोठे, एका घासाचे खाकरे मिळतात किंवा घरी वाटीच्या काठाने कापून भाजता येतात. आख्खा तोंडात टाकायचा. भाजलेले मखाणेही तसेच, फक्त तुपाचा हात अगदी हलका ठेवावा. केळ्याचे वेफर्स चांगले, मात्र पाकीट विकत आणाल तर मागची बाजू वाचा; ‘मसाला’ या एका शब्दात कांद्याची आणि लसणाची पूड दडलेली असते, हे आपल्याला सांगायला नको. घरी टिक्की किंवा गोळ्या करताना मात्र एक चूक पुष्कळांकडून होते. कच्चे केळे उकडून कुस्करले, बटाटा टाळला, आणि बांधणीसाठी आरारूट घातले. आरारूट हे मुळात जमिनीखालचे मूळच! भिजवून पिळलेले पोहे किंवा मक्याचे पीठ घातले, तरी गोळ्या तितक्याच घट्ट वळतात. सुपारीएवढ्या करून दातकाडीला टोचून ठेवल्या, की हातही कोरडे राहतात.

गोडाला सुखडीसारखे दुसरे काही नाही. दोन वाट्या कणीक एक वाटी तुपात खमंग भाजून, खाली उतरवून त्यात एक ते सव्वा वाटी किसलेला गूळ मिसळायचा आणि गरम असतानाच थापून वड्या पाडायच्या. वड्या बोराएवढ्या लहान पाडाव्यात आणि प्रत्येक वडी लोणीकागदात गुंडाळावी. आवरायला वेळ लागतो हे खरे. पण घरातली लहान मुले हे काम आनंदाने करतात आणि करता करता चौथा हिस्सा संपवतात.

पेयांचे थोडक्यात. पाणी असो वा सरबत, ते टेबलावर नको. प्रत्येकाच्या बाजूला लहान स्टूल. ढोकळा-गाठिया असेल तेव्हा द्विदलामुळे कच्चे ताक आमच्याकडे चालत नाही, म्हणून लिंबाचे सरबत. कोकम एकदाच केले होते. ‘कटान’च्या गव्हाच्या दोन पत्त्यांवर त्याच्या खुणा आहेत. आणि कॅरमबद्दल एक गंभीर गोष्ट: सोंगट्या घसरण्यासाठी आपण टाकतो ती पावडर बहुधा बोरिक पावडर असते. ती पोटात जाण्याची वस्तू नव्हे. कॅरम चालू असताना मुलांच्या हाती काहीही खायला देऊ नये. आधी डाव, मग साबणाने हात, मग पुडा.

आता ज्या प्रसंगाने मला सर्वात जास्त शिकवले तो सांगते. थोरल्या पुतण्याचा एक मित्र मार्चमध्ये पहिल्यांदा आला. मुलगा सभ्य, थोडा बुजरा. मी पुढे केलेला पुडा त्याने घेतला नाही. “काकू, यात शेंगदाणे आहेत का?” नव्हते, डाळेच होते. मी तसे म्हटले. तो क्षणभर थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “आणि तेल कोणतं?” आमच्याकडे तेल घाण्याचे, शेंगदाण्याचे. त्याला लहानपणापासून शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी होती, आणि घाण्यावरच्या न गाळलेल्या तेलात दाण्यातील प्रथिनांचा अंश राहू शकतो. त्याने न विचारता खाल्ले असते, तर काय झाले असते याचा विचारही नको.

तो ज्या तऱ्हेने विचारत होता, ती तऱ्हा माझ्या ओळखीची होती. लग्नाच्या पंगतीत, आगगाडीत, मैत्रिणीच्या घरी, “यात कांदा-लसूण आहे का हो?” असे मी आयुष्यभर त्याच आवाजात विचारत आले आहे. यजमानाला वाईट वाटू नये, आपण अवघड पाहुणे ठरू नये, आणि तरी उत्तर खरे मिळावे. आणि “अहो, थोडंसंच आहे, काढून टाका ना” हे उत्तरही मी अनेकदा ऐकले आहे. त्या दिवशी घरात दुसरे काही तयार नव्हते. त्याने आपल्या पिशवीतून एक केळे काढले आणि ते खात तो खेळला. मला फार अपुरे वाटले.

त्या रात्री मी त्याच्या आईला फोन केला आणि काय चालते, काय नाही, ते सगळे लिहून घेतले. शेंगदाणा हे कंदमूळ नव्हे, जमिनीत वाढली तरी ती शेंगच, म्हणून आपल्या स्वयंपाकघरात तो सर्वत्र असतो: पोह्यांत, चटणीत, चुरमुऱ्यांच्या भट्टीवरसुद्धा. भट्टीवाल्याकडे एकाच कढईत, एकाच वाळूत चुरमुरे आणि दाणे भाजले जातात हे मला तोवर माहीत असूनही जाणवले नव्हते. आता खेळाच्या दिवशी सूर्यफुलाचे तेल, बंद पाकिटातले चुरमुरे, आणि दाण्याला न लागलेली वेगळी कढई. प्रत्येक डब्याच्या झाकणावर आत काय आहे ते, तेलासकट, चिठ्ठीवर लिहिलेले असते. म्हणजे कोणालाच विचारावे लागत नाही. त्या मुलालाही नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या वर्षीतपवाल्या मामेसासूबाईंनाही नाही. बियासण्याच्या दिवशी त्या खाण्याआधी चिठ्ठ्या चष्मा लावून नीट वाचतात, आणि एखाद्या शब्दाची ऱ्हस्व-दीर्घाची चूकही काढतात.

पाहुणी मुले निघताना सासरे प्रत्येकाला एक पुडी बांधून देतात, सुतळीची गाठ मारलेली. घरी जाऊन खा, म्हणतात. त्या मुलाच्या पुडीवर पेन्सिलीने लहानशी खूण असते, म्हणजे अदलाबदल होत नाही.

सासूबाई परत खेळू लागल्या त्याला आता आठ महिने झाले. ‘कटान’ त्यांना मुलांनी शिकवला, आणि तिसऱ्या डावापासून त्या जिंकू लागल्या. समोरच्याला गव्हाची निकड आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना आधीच कळते, आणि मग एका गव्हाला दोन विटा मागतात. फळ्यावरची वेळ झाली, की “चला, हात धुवा” असे त्याच म्हणतात, आणि डाव कितीही रंगलेला असो, पत्ते उलटे ठेवून सगळे उठतात. मागच्या महिन्यात सासऱ्यांनी ‘व्यापार’ची बँक त्यांच्याकडे सोपवली. त्या नोटा तपासत नाहीत. पण उधार मात्र अजिबात देत नाहीत.